उत्तरांचं पान

नवं ब्लेड पुस्तकाच्या शिवणीला लावून सर्वेअरने शेवटची पानं एका ओढीत कापली. कागद कुठे कुरतडला नाही, दोरा सुटला नाही. त्याने पुस्तक मिटून पाठीकडून पाहिलं, पोटाकडून पाहिलं, पुन्हा उघडलं. या पुस्तकाला कधी उत्तरं होती असं कुणाला सांगून पटलं नसतं.

"झालं?" बायकोने विचारलं. ती नुकतीच हॉस्पिटलातल्या औषधांच्या काउंटरवरून परतली होती आणि बूटसुद्धा न काढता खुर्चीत टेकली होती.

"झालं."

"आणि ही दोन?"

"परत करायची."

टेबलावर गणिताची तीन पुस्तकं होती. तिघांचंही म्हणणं एकच होतं, की अंकगणितातून मुलाला अलगद उचलून बीजगणितात नेऊन ठेवू. पहिलं जाडजूड, नुसत्या उदाहरणांनी ठासलेलं. दुसऱ्यात पानोपानी तराजूची चित्रं होती. एका पारड्यात पिशव्या, दुसऱ्यात वजनं, आणि पिशवीत किती भरलंय ते ओळखायचं. तिसऱ्याबरोबर व्हिडिओ होते, त्यासाठी टॅबलेट लागायचा. आठवडाभर सर्वेअर या तिघांना घेऊन बसला होता. विमा कंपनीसाठी जळालेली गोदामं आणि भिजलेला माल तपासण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि पुस्तकंही त्याने तशीच तपासली, वरचं खाली आणि खालचं वर करून. शेवटी त्याने जाडजूड पुस्तकावर हात ठेवला.

"मुंगीला तराजूवालं आवडलं होतं," बायको म्हणाली.

मुंगी म्हणजे त्यांची मुलगी. रांगायला लागली तेव्हा सगळं घर सोडून भिंतीच्या कडेकडेनेच फिरायची, म्हणून पडलेलं नाव बारावं वर्ष लागलं तरी सुटलं नव्हतं.

"त्यात प्रत्येक पानाच्या तळाशी उत्तर उलटं छापलंय. पुस्तक फिरवलं की काम झालं."

"आणि व्हिडिओवालं?"

"टॅबलेट हातात दिल्यावर मग काय राहिलं?"

बायकोने बुटाचे बंद सोडता सोडता वर पाहिलं. "तू पुस्तक निवडतोयस की कुलूप?"

सर्वेअर हसला. तीही हसली. त्या दिवसांत ती त्याच्या कुठल्याही बोलण्यावर हसायची, कारण नवऱ्याचा तिला अभिमान वाटत होता, आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती.

अभिमान वाटावा असंच घडलं होतं. शाळेच्या गणिताच्या चाचणीत मुंगीला पैकीच्या पैकी गुण पडले, आणि एकाही गणिताला रीत नव्हती. प्रश्न आणि त्याच्या समोर उत्तर, मध्ये कोरा कागद. पुढच्या बाकावर वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी बसलेली. बाईंनी मुंगीला विचारलं, कसं काढलंस? मुंगी म्हणाली, असंच दिसलं. मग मुख्याध्यापिकेच्या खोलीत आईबापांना बोलावणं आलं. बायकोला सुट्टी मिळाली नाही, सर्वेअर एकटाच गेला.

"आम्ही काही म्हणत नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या. "तिने माफीचे दोन शब्द लिहून द्यावेत, म्हणजे विषय इथेच मिटेल."

"मी नाही लिहिणार," मुंगी म्हणाली. "मी बघितलंच नाही कुणाचं."

तेव्हा सर्वेअर खुर्चीवरून उठला होता. त्याचा आवाज बाहेर शिपायापर्यंत गेला म्हणतात. "माझी मुलगी चोर नाही. तिच्यावर ज्यांचा विश्वास नाही त्यांच्याकडे ती शिकणारही नाही." त्याने त्याच दिवशी दाखला काढून घेतला. मुंगीला घरीच शिकवायचं आणि परीक्षा बाहेरून द्यायची असं ठरलं. नातेवाइकांचे फोन आले, शाबासक्या झाल्या. बायकोने त्या संध्याकाळी त्याचा हात हातात धरून ठेवला आणि बराच वेळ सोडला नाही.

पण एक गोष्ट त्याने तिला सांगितली नाही. शाळेचा जिना उतरताना, मुंगीचा घामेजलेला हात त्याच्या मुठीत असताना, त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. खऱ्या नुकसानीत कुठेतरी काहीतरी जुळत नाही, हे त्याला पोटापाण्याच्या धंद्याने शिकवलं होतं. ज्याचं खरोखर जळालं तो अर्धं विसरतो, गोंधळतो, बिलं हरवतो. ज्याचं सगळं चोख जुळतं, त्याच्या गोदामात सर्वेअर दुसऱ्यांदा जातो. आणि मुंगीची उत्तरपत्रिका फार चोख होती. एक खाडाखोड नाही.

त्याने तो विचार तिथल्या तिथे झटकला. त्याला स्वतःची लाजही वाटली. पण तो विचार काही जिन्यावर राहिला नाही, त्याच्याबरोबर घरी आला.

सकाळचे दोन तास गणिताचे ठरले. अपूर्णांक, दशांश, टक्केवारी, काही अडलं नाही. मग पुस्तकात क्ष आला.

"क्षच का?" मुंगीने विचारलं.

"म्हणजे?"

"क किंवा म का नाही? बिचाऱ्याला कोणी बाराखडीत बोलवत नाही म्हणून इथे आणलाय का?"

"माहीत नसलेल्या संख्येला काहीतरी नाव द्यायचं, एवढंच."

"पण ती माहीत असते ना. थोडा वेळ बघितलं की दिसते."

सर्वेअरने मान खाली घातली आणि पुढचं उदाहरण वाचून दाखवलं. एका संख्येच्या पाचपटीत तीन मिळवले, आणि त्याच संख्येच्या तिपटीत सतरा मिळवले, तर दोन्ही उत्तरं सारखी येतात. संख्या कोणती? त्याने वहीकडे बोट दाखवलं. समीकरण कसं मांडायचं, कुठली बाजू कुठे न्यायची, हे तो आदल्या दिवशी स्वतः पुन्हा शिकून बसला होता.

मुंगीने पेन्सिल ओठाला लावली, खिडकीबाहेर पाहिलं आणि वहीत लिहिलं: सात.

"कसं काढलंस?"

"दिसलं."

"काय दिसलं?"

"सात."

"अगं, पण रीत? परीक्षेत रीतीलाच गुण असतात. मध्ये काय केलंस ते लिहायचं असतं."

"मध्ये काही केलंच नाही," मुंगी म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर शाळेतल्या त्या दिवसाची छटा येऊन गेली. "खोटं खोटं लिहू का?"

त्या दिवसापासून सर्वेअरने खुर्ची बदलली. आतापर्यंत तो तिच्या शेजारी बसायचा, आता कपाटाच्या काचेसमोर बसू लागला. काचेत तिचे हात दिसत. ती पाणी प्यायला उठली की ती परत येईपर्यंतचा वेळ तो कानाने मोजायचा. टॅबलेटवर काय काय उघडलं गेलं ते तो तपासून पाहायचा; तिथे मांजरांचे व्हिडिओ आणि कागदाच्या होड्या कशा करायच्या एवढंच सापडायचं. तेही त्याला फार चोख वाटायचं.

उत्तरांची पानं त्याने ऑफिसच्या बॅगेत ठेवली होती. एकदा त्याने बॅगेची चेन मुद्दाम अर्धवट लावून ठेवली, आणि सकाळी पाहिलं तर ती पूर्ण लागलेली होती.

"माझ्या बॅगेला कुणी हात लावला होता का?" त्याने चहा घेताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी," बायको म्हणाली. "तुझा चष्मा पलंगावर पडला होता, तो टाकला आत. का?"

"काही नाही."

मुंगी पावाच्या तुकड्याला लोणी लावत होती. तिने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा बॅगेकडे पाहिलं, आणि पुन्हा लोणी लावू लागली. त्या पाहण्यात काय होतं ते सर्वेअरला कळेना, आणि कळेना म्हणूनच त्याला चैन पडेना.

पुढे जे केलं ते त्याने एकदा एका कारखान्यासाठी केलं होतं. तिथे भांडारातून माल गळत होता. त्याने खोक्यांवर मुद्दाम खोटे क्रमांक टाकून ठेवले आणि ते खोटे क्रमांक कुणाच्या कागदावर उमटतात याची वाट पाहिली. माणूस रंगेहाथ सापडला, साहेबांनी पाठ थोपटली. आता ऑफिसच्या संगणकावर बसून त्याने पुस्तकातल्या पुढच्या धड्याची उत्तरं तशाच ठेवणीत टाईप केली आणि मधली काही बदलली. खोटी उत्तरंही त्याने विचार करून निवडली. अगदी वेडीवाकडी नकोत, खरीच वाटावीत अशी. पान छापलं, ब्लेडने पुस्तकाच्या मापाचं कापलं, कडा अंगठ्याने जराशा मळवल्या.

काम चोख झालं होतं. ते हातात धरून तो थोडा वेळ तसाच बसला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, "कुठलं प्रकरण?" सर्वेअर म्हणाला, "छोटंसं आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने ते पान टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पट्टीखाली ठेवलं. मुंगीला पूर्ण धडा सोडवायला सांगितला. दारात बूट घालता घालता त्याने बायकोला फोन लावला आणि जरा मोठ्यानेच म्हणाला, "अगं, उत्तरांची पानं ड्रॉवरमध्येच राहिली वाटतं. असू दे, आल्यावर बघतो."

"कसली पानं? माझ्यासमोर एवढी मोठी रांग आहे," पलीकडून बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

त्या दिवशी त्याला कापडाच्या एका दुकानात जायचं होतं. वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटून माल भिजला होता. दुकानदार त्याला एकेक गठ्ठा दाखवत होता, शपथा घेत होता, आणि सर्वेअरच्या डोळ्यांसमोर ड्रॉवर उघडत होता, मिटत होता. खालचे गठ्ठे उघडून न पाहताच त्याने सही केली. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं असावं. दुकानदारही चकित होऊन पाहत राहिला.

तो घरी आला तेव्हा मुंगी बाल्कनीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. वही टेबलावर उघडीच होती. सर्वेअरने उभ्या उभ्याच पाहायला सुरुवात केली. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. तिसऱ्याला त्याने सापळा लावला होता. मुंगीने लिहिलं होतं ते खरं उत्तर होतं. पुढचा सापळाही मोकळा. त्यापुढचाही. शेवटपर्यंत तो बोट फिरवत गेला, आणि एकाही ठिकाणी त्याचं खोटं तिच्या वहीत उमटलं नव्हतं.

तो खुर्चीत बसला. मणामणाचं काहीतरी मानेवरून कुणी उचलून घेतल्यासारखं त्याला वाटलं. त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं, मुंगीला उचलून घ्यावंसं वाटलं, शाळेत जाऊन त्या मुख्याध्यापिकेसमोर ही वही आपटावीशी वाटली.

"मुंगे!"

ती खांद्यावर टॉवेल टाकून आत आली. "सगळी बरोबर आहेत ना?"

"सगळी. एकूण एक."

"बाबा, एक सांगू? रागावणार नसशील तर."

"बोल की."

तिने ड्रॉवर उघडला आणि पट्टीखालचं पान काढून त्याच्यासमोर ठेवलं. "मी शार्पनर शोधत होते. तेव्हा हे सापडलं."

सर्वेअरच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथे थांबलं. "आधी पाहिलंस की नंतर?"

त्याच्या तोंडून हे निघून गेलं. मागे घ्यायला वेळच मिळाला नाही.

"नंतर," मुंगी म्हणाली. "माझं सगळं झाल्यावर. पण बाबा, हे पान चुकीचं आहे. बघ ना."

पान लाल शाईने भरलं होतं. तिने त्याचं एकेक खोटं शोधून त्यावर काट मारली होती आणि शेजारी बारीक अक्षरात ते खोटं का आहे ते लिहिलं होतं. एका ठिकाणी: "आठ घेतले तर एकीकडे सदतीस येतात आणि दुसरीकडे पस्तीस. आठ कसे असतील?" ओळीने येणाऱ्या तीन संख्यांची बेरीज बहात्तर होती, तिथे: "चोवीस ही मधली आहे, पहिली नाही. छापणाऱ्याने घाई केली." आणि आईचं वय मुलीच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनी ते दुप्पट होईल, तर मुलीचं आजचं वय किती, या गणितापुढे सर्वेअरने बाराच्या जागी चौदा टाकले होते. तिथे मुंगीला जागा पुरली नव्हती. तिने बाण काढून मजकूर समासात वळवला होता. "चौदा असती तर बारा वर्षांनी मुलगी सव्वीस आणि आई चोपन्न. दुप्पट म्हणजे बावन्न. वरची दोन वर्षं कुठून आली? दोघींमधलं अंतर कधी बदलत नाही. आत्ता ते अंतर मुलीच्या दुप्पट आहे. आई दुप्पट होईल तेव्हा मुलगी त्या अंतराएवढी झालेली असेल. म्हणजे बारा वर्षांत ती स्वतःच्या दुप्पट होते. म्हणून ती बाराच वर्षांची आहे."

सर्वेअरने ते दोनदा वाचलं. एवढे दिवस तो जी रीत मागत होता ती सगळी इथे होती. स्वतःचं बरोबर उत्तर समजावून सांगायचं तिला कधी सुचलं नव्हतं. दुसऱ्याचं चुकलेलं दिसल्याबरोबर तिला बोलावंसं वाटलं होतं.

"असं कसं झालं असेल?" मुंगीने विचारलं.

"छपाईची चूक असेल," तो म्हणाला. त्याची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. लोक असंच बोलतात, त्याला वाटून गेलं. अगदी सरळ चेहऱ्याने.

संध्याकाळी बायको आली तेव्हा मुंगीने तिलाही पान दाखवलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "अरे, हे भयंकर आहे. एखादं मूल बरोबर उत्तर काढेल, मागे बघेल आणि आपलंच चुकलं म्हणून खोडून टाकेल. आमच्याकडे औषधाच्या पट्टीवर चूक सापडली तर त्याच दिवशी कंपनीला कळवावं लागतं."

"पुस्तकं घेतली तेव्हा दुकानवाले काका म्हणाले होते," मुंगी म्हणाली, "एक जरी चूक सापडली तरी येऊन सांग म्हणून."

"ते आपलं बोलायचं म्हणून बोलतात," सर्वेअर म्हणाला. "मी बघतो. जाता येता सांगून येईन."

"मी पण येणार."

"ने ना तिला," बायको म्हणाली. "तिने शोधलंय."

पुस्तकांचं दुकान अरुंद आणि लांबलचक होतं. छतापर्यंत फळ्या, फळ्यांना टेकलेली शिडी, आणि आत टेबलामागे चष्मा कपाळावर चढवलेला म्हातारा दुकानदार. सकाळभर सर्वेअर निमित्तं शोधत होता. पाऊस येईलसं वाटतं, दुकान बंद असेल, आज एक काम निघालंय. मुंगी बूट घालून दाराशी उभीच राहिली होती. ती आता टेबलापाशी गेली आणि तिने पुस्तक आणि पान दोन्ही समोर ठेवलं.

"काका, तुम्ही सांगितलं होतं ना, चूक सापडली तर सांग म्हणून?"

दुकानदाराने चष्मा खाली ओढला. लाल शाई पाहिली, पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग कागद अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळला. सर्वेअरला ते चोळणं ओळखीचं होतं. भिजलेलं कापड तोही असंच चोळून पाहायचा.

"हे आमचं पान नाही," दुकानदार म्हणाला.

"याच पुस्तकातलं आहे," मुंगी म्हणाली. "घरी सुटी करून ठेवली होती उत्तरं."

"बाळ, हा ऑफिसातला कागद आहे. पुस्तकाचा कागद असा पांढराफटक नसतो." तो शिडीकडे गेला, वरून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत काढली आणि शेवटची पानं उघडून त्या पानाच्या शेजारी ठेवली. "बघा. इथे सात आहेत, तुमच्याकडे आठ. इथे बारा, तुमच्याकडे चौदा." त्याने मान वर करून सर्वेअरकडे पाहिलं. "साहेब, काय प्रकार आहे हा? मी कित्येक वर्षं पुस्तकं विकतोय. असलं काही माझ्या माथी मारू नका."

सर्वेअरने आयुष्यात अनेक टेबलांपलीकडच्या माणसांकडे असं पाहिलं होतं. टेबलाच्या या बाजूने ती नजर कशी लागते ते त्याला ठाऊक नव्हतं.

मुंगी दोन्ही पानांवर वाकली होती. ती उत्तरं पाहत नव्हती. तिचं बोट खोट्या पानाच्या कडेवरून फिरत होतं, जिथे ब्लेडने सरळसोट कापलेलं होतं आणि अंगठ्याने मळवलेलं होतं. बोट कोपऱ्यापर्यंत गेलं आणि थांबलं. सर्वेअरला तिचा चेहरा दिसत नव्हता. फक्त मान दिसत होती, आणि ती कानाच्या मागून हळूहळू लाल होत गेली.

मग ती सरळ झाली.

"माझी चूक झाली, काका," ती म्हणाली. "ते मीच टाईप केलं होतं. गंमत म्हणून."

"गंमत?"

"हो. माफ करा."

दुकानदाराचा चेहरा जरा सैल पडला. तो खुर्चीत टेकला. "गंमत कशाशी करावी याला काही धरबंध? म्हाताऱ्या माणसावर आळ आला असता. आणि एवढी हुशार दिसतेस, ते डोकं असल्या गोष्टींना कशाला लावायचं?" तो सर्वेअरकडे वळला. "तुम्ही हिला घरी शिकवता म्हणाला होता. ऐका माझं, शाळेत घाला. चार मुलांत बसली की वळण लागेल. आज हे केलं, उद्या परीक्षेत काहीतरी करेल."

"पान मी केलंय," सर्वेअर म्हणाला.

दुकानदार थांबला. "काय म्हणालात?"

"तिने नाही केलं. मी केलंय. माझ्या ऑफिसात टाईप केलं, खोटी उत्तरं मी घातली. तिला काही माहीत नव्हतं."

दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलं, मुंगीकडे पाहिलं, आणि मग त्याच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर समजूतदार हसू पसरलं. "असू दे, साहेब, असू दे. बाप आहात. मलाही तीन मुली आहेत."

"मी खरं सांगतोय."

"मी कुठे खोटं म्हणतोय?" दुकानदार हसतच म्हणाला. त्याने दुसरी प्रत मिटून बाजूला ठेवली आणि मुंगीचं पुस्तक तिच्याकडे सरकवलं. "जा बाळ. पुन्हा असं करू नकोस. आणि बाबांना त्रास देऊ नकोस, एवढे पाठीशी घालतात ते तुला."

बाहेर रस्त्यावर ऊन पडलं होतं. दोघं कोपऱ्यापर्यंत चालत आले. सिग्नलला गाड्यांची रांग होती, म्हणून थांबावं लागलं.

"त्यांना खरं वाटलं नाही," मुंगी म्हणाली.

"नाही."

"तू दोनदा सांगितलंस तरी."

"हो."

ती समोरच्या गाड्यांकडे पाहत होती. "शाळेत तू एवढ्या मोठ्याने ओरडलास, तेव्हा तुला खरं वाटत होतं का? मी बघून लिहिलं नाही, हे."

सर्वेअरकडे बरीच उत्तरं तयार होती. त्यातलं कुठलंही चाललं असतं, निदान सिग्नल सुटेपर्यंत.

"पूर्ण नाही," तो म्हणाला. "पूर्ण वाटत नव्हतं."

मुंगीने मान हलवली. आधीच माहीत असलेलं कुणी वाचून दाखवावं तशी. गाड्या थांबल्या. रस्ता अर्धा ओलांडल्यावर ती म्हणाली, "आईला सांगू नकोस हं. तिला तू खूप ग्रेट वाटतोस."

घराचं दार बायकोने उघडलं. आज तिची सुट्टी होती. हाताला साबणाचा फेस, केस वर गुंडाळलेले. "काय म्हणाले दुकानवाले? मानली का चूक?"

मुंगी वाकून बूट काढू लागली. बंदाची गाठ सैल होती, तरी तिने ती सोडवायला फार वेळ लावला.

सर्वेअरने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती हसत होती, चांगली बातमी ऐकायच्या तयारीत. त्याने स्वयंपाकघराच्या टेबलापाशी जाऊन तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली.

"हात पूस," तो म्हणाला, "आणि बस जरा."